वाड्यातली हंडी किती जुनी? ‘बेल्जम’ सोडून विचारायचे प्रश्न

विदर्भात जुना वाडा पाडायला काढला, की सागाच्या तुळया आणि कोरीव खांबांचा भाव करणारे आधी येतात. त्यांच्या मागोमाग एक जण माडीवर चढतो आणि वर बघतो. कडीपाटाला टांगलेली काचेची, दिवा लावायची हंडी, दिवाणखान्यातलं झुंबर, भिंतीवरच्या दिवालगिऱ्या, म्हणजे भिंतीला अडकवलेले दिवे. खाली उतरून तो उत्तर प्रदेशातल्या, काचेसाठी ओळखल्या जाणाऱ्या फिरोजाबादचं नाव घेऊन म्हणतो, “काई नाई जी पाटील, फिरोजाबादी माल हाये. पितळेच्या वजनाचे पैसे देतो.” तीच हंडी पुढे मुंबई-पुण्याच्या दुकानात किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत दिसते, तेव्हा ती ‘ओरिजिनल बेल्जियम, दीडशे वर्षं जुनी’ झालेली असते. बोलीत या मालाला ‘बेल्जम’ म्हणतात.

गावात नवी आणि शहरात जुनी. मधल्या प्रवासात कोणी काही तपासलेलं नसतं. खरं तर बरीचशी तपासणी घरच्या घरी होते. त्यासाठी भिंग, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, पाण्याची बादली आणि थोडा संशयी स्वभाव एवढं पुरे. बहुतेक लोक नुसती काच न्याहाळत बसतात आणि तिथेच फसतात. काच कशी बनवली हे काच सांगते. कधी बनवली हे सांगायला मात्र तिला धरून ठेवणारं पितळ, स्क्रू, वायर आणि होल्डर जास्त कामाचे असतात.

एवढी काच आपल्या खेड्यांत आली कशी?

याचं उत्तर कापसात आणि रेल्वेत आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. गाठी मुंबईला जाऊ लागल्या आणि येताना मुंबई बंदरात उतरलेला विलायती माल इकडे येऊ लागला. फुटणारी वस्तू बैलबंडीवर घालून शेकडो मैल आणण्यापेक्षा गवत भरलेल्या पेटीत घालून रेल्वेने आणणं केव्हाही सोपं. वऱ्हाडातले देशमुख, पाटील आणि कापसाचे व्यापारी, तसेच नागपूर-भंडारा-चांद्याकडचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार, यांच्या घरात हंड्या-झुंबरं दिसतात ती बहुतेक या पैशातून आलेली.

पुढे मध्य प्रदेश सरकारच्या कायद्याने (विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता) १९५१ मध्ये मालगुजारी गेली. वाडे होते, पण ते सांभाळायचं उत्पन्न राहिलं नाही. वाटण्या झाल्या. एका झुंबराचे चार भाऊ धनी झाले आणि कोणी लोलक, म्हणजे झुंबराला लोंबणारे काचेचे तुकडे, नेले, तर कोणी नुसता सांगाडा. आज आपल्या हातात येणारी वस्तू अखंड असण्याची शक्यता कमी आहे, त्याचं हे एक मोठं कारण.

एका वस्तूची अनेक वयं

जुन्या बंडीचं उदाहरण घ्या. साटी आजोबांच्या वेळची, चाकं वडलांच्या वेळची, आख मागच्या वर्षी बदललेला. अशा बंडीचं वय किती? दिव्याचंही तसंच आहे. हंडीची काच एका काळातली, साखळ्या दुसऱ्या काळातल्या आणि आतला होल्डर परवाच्या आठवडी बाजारातला. म्हणून प्रत्येक भाग वेगळा तपासायचा. ‘ही वस्तू कधीची?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हा भाग कोणत्या वर्षाच्या आधीचा असूच शकत नाही?’ असं विचारायचं. या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं पक्की मिळतात, कारण शोधांना आणि कायद्यांना तारखा असतात.

आधी पितळेकडे आणि वायरीकडे बघा

स्क्रूपासून सुरुवात करा. डोक्यावर सरळ एकच खाच असेल, तर त्यावरून फारसं काही कळत नाही, तसे स्क्रू आजही मिळतात. अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल, तर तो स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा नाही. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांच्या नावाने त्याची पेटंटं त्याच दशकात झाली आणि आपल्या बाजारात तो रुळायला आणखी काळ गेला. म्हणजे ‘दीडशे वर्षं जुन्या’ दिव्यात असा स्क्रू दिसला, तर निदान तो भाग तरी उघडला गेलाय. काच धरून ठेवणाऱ्या पितळी कड्याचे तीनही स्क्रू तसेच असतील आणि त्यांच्याभोवती पितळेवर जुना ओरखडा, हिरवट गंज किंवा दुसऱ्या भोकाची खूण काहीच नसेल, तर अख्खं कडंच नवं समजा.

मग होल्डर. काळा-तपकिरी, कडक, गरम झाल्यावर उग्र वास येणारा होल्डर बॅकेलाइटचा, म्हणजे एका जुन्या कडक प्लास्टिकचा. बॅकेलाइटचा शोध १९०७ चा, म्हणजे तो त्याच्या आधीचा नाही. त्याआधी पितळी कवचात चिनीमातीचा गाभा असे. होल्डरवर आयएसआयचा शिक्का असेल, तर तो देशाच्या प्रमाणन कायद्याच्या, म्हणजे १९५२ च्या नंतरचा. हा शिक्का आजही चालू आहे. त्यामुळे ‘आयएसआय आहे म्हणजे १९५० च्या दशकातला’ असा उलटा हिशेब करू नका.

दोन पिनांचा, दाबून फिरवायचा होल्डर ही ब्रिटिश पद्धत. तीच आपल्याकडे रुजली. आट्यांचा, बल्ब पिळून बसवायचा होल्डर युरोप-अमेरिकेतला. एखाद्या झुंबरात मुळापासून आट्यांचे होल्डर असतील, तर ते इंग्लंडबाहेरचं असण्याची शंका घ्यायला जागा आहे. मुळापासून, हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण होल्डर बदलायला वायरमनला दहा मिनिटं पुरतात.

वायरीवर सुती विणीचं आवरण असेल आणि आतलं रबर कडक होऊन पोपडे सुटत असतील, तर ती जुनी. गुळगुळीत प्लास्टिकची असेल, तर ती बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरची. सुती आवरणाची नवी वायरही ‘विंटेज’ म्हणून विकत मिळते. तिच्यातली तांब्याची तार लखलखीत आणि आवरण मऊ असतं, त्यावरून ती ओळखू येते.

यापेक्षा मोठा पुरावा गावातच असतो. तुमच्या गावात वीज कोणत्या वर्षी आली, हे एखाद्या आजोबांना नक्की ठाऊक असतं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळच १९६० मध्ये स्थापन झालं आणि त्याच्या तारा पुष्कळ खेड्यांत नंतर पोहोचल्या. तेव्हा मुळातच विजेसाठी बनवलेला दिवा अशा वाड्यात ‘पणजोबांपासून’ कसा असेल? एक तर तो शहरातल्या घरातून नंतर आला असेल, नाही तर घरच्यांची आठवण एक पिढी मागे सरकली असेल.

तेल किंवा मेणबत्तीसाठी बनवलेली हंडी वेगळी दिसते. तिचं तोंड वर उघडं असतं, काठाला पितळी कडं आणि त्याला तीन साखळ्या असतात, वर बहुधा काचेची धुराची टोपी. आत तेलाचा पेला किंवा मेणबत्तीची बैठक. पुढे वीज आल्यावर तिच्यात वरून बल्ब सोडला जातो. कधी कधी कोणी शहाणा तळाला भोक पाडतो. अशा नव्या भोकाची कड भिंगाखाली खडबडीत, पांढुरकी दिसते आणि आजूबाजूला टवके उडालेले असतात.

रॉकेलच्या दिव्यात बर्नरची वात वर-खाली करायची चकती बघा. रुपयापेक्षाही लहान असलेल्या त्या गोलावर अनेक कारखानदार आपलं नाव कोरत. शंभर वर्षांची काजळी साचलेली असते, म्हणून तिथे कोरडा मऊ ब्रश फिरवा. चिंचेने किंवा पावडरीने घासून लख्ख केलंत, तर पितळ चमकेल आणि पुरावा जाईल.

आता काच: फुंकलेली, साच्यातली, कापलेली

हाताने फुंकलेली काच लोखंडी पोकळ नळीच्या टोकावर आकार घेते. शेवटी तळाला एक भरीव सळई चिकटवून तोंडाचं काम करतात आणि मग सळई तोडतात. तिथे व्रण राहतो. चांगल्या कारखान्यात तो घासून गुळगुळीत करत, तेव्हा तळाशी उथळ, गोल, नितळ खळगी दिसते. स्वस्त मालात तो खडबडीत तसाच सोडत. साच्यात घडवलेल्या काचेवर, दोन अर्ध्या भागांचा जोड असतो तिथे, वरपासून खालपर्यंत बारीक रेघ येते. ती डोळ्याला दिसली नाही तरी नखाला लागते.

मात्र हे वयाचे पुरावे नव्हेत. काच साच्यात दाबून घडवायची यंत्रं अमेरिकेत १८२० च्या दशकातच आली होती, आणि हाताने फुंकणारे कारागीर फिरोजाबादेत आजही आहेत. साच्याची रेघ म्हणजे नवी, व्रण म्हणजे जुनी, हे समीकरण साफ चुकीचं.

लोलक आणि नक्षी तपासायला मात्र एक छान युक्ती आहे. लोलक हातात धरून ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरवा आणि त्याच्या एकेका पैलूत ट्यूबचं प्रतिबिंब बघा. चाकावर घासून कापलेल्या पैलूत ट्यूब सरळ रेघेसारखी दिसते, आणि दोन पैलू भेटतात ती धार बोटाला कडक लागते. साच्यातून निघालेल्या पैलूत तीच ट्यूब लवलेली, थरथरलेली दिसते आणि धार बोथट, साबणाची वडी वापरून झिजावी तशी लागते. एकाच झुंबराचे सगळे लोलक असे फिरवून बघा. निम्मे सरळ आणि निम्मे वाकडे निघाले, की वाटणीत काय झालं ते समजेल.

रंगीत काचेचा काठ बघा. रंग काचेच्या आरपार असेल, तर काच घडवतानाच रंगवलेली. पांढऱ्या काचेवर रंगीत काचेचा पातळ थर असेल, तर काठावर दोन पट्टे दिसतात. ही जुनी आणि कौशल्याची पद्धत. नखाने किंवा ओल्या कापसाने रंग सुटत असेल, तर तो वरून फवारलाय, पुढे बोलायचं कामच नाही.

बादलीतली तपासणी

झुंबर ‘क्रिस्टल’चं आहे, असं सांगतात. क्रिस्टल म्हणजे शिसं घातलेली काच. शिशामुळे ती जड होते आणि प्रकाश जास्त वाकवते, म्हणून इंद्रधनुष्य पाडते. साधी काच तिच्याच आकाराच्या पाण्याच्या सुमारे अडीच पट जड असते, शिशाची साधारण तीन पट. हा फरक हातावर तोलून कळत नाही, बादलीत कळतो.

लोलकाची पितळी पिन काढा आणि तो कोरडा असताना वजन करा. समजा १५० ग्रॅम भरलं. आता पाण्याने अर्धं भरलेलं भांडं काट्यावर ठेवा आणि आकडा शून्य करा. लोलक दोऱ्याला बांधून हाताने पाण्यात सोडा, पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर आता जो आकडा दिसेल, तो लोलकाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. तो ५० आला, तर १५० भागिले ५०, म्हणजे ३. शिशाची काच. ६० आला, तर २.५. साधी काच. लोलक लहान असतील, तर पाच-सहा एकत्र बांधा, कारण घरचा काटा एका ग्रॅमने इकडेतिकडे होतोच. काचेला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटका. पोकळ वस्तू असेल, तर आत पाणी पूर्ण भरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

गॅसबत्तीच्या काचेचा आकडा बहुधा २.२ च्या आसपास येतो. ती उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच. ही काच जर्मनीतल्या येना गावी शॉट या काचतज्ज्ञाच्या कारखान्यात १८८० च्या दशकाअखेरीपासून विकसित झाली. काचेवर फिकट शिक्का असतो. त्यावर माइन्झ शहराचं नाव वाचता आलं, तर तारीखच हाती लागते. युद्धानंतर येना पूर्व जर्मनीत गेलं आणि पश्चिमेकडच्या शॉटने माइन्झला कारखाना उघडला, तो १९५२ मध्ये. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवलेली, ‘इंग्रजांच्या काळातली’ म्हणून जपलेली गॅसबत्तीची काच स्वातंत्र्यानंतरची निघते ती अशी.

आकडा ३ आला म्हणून हुरळून जाऊ नका. शिशाचे लोलक इजिप्तमधून नवेकोरे येतात. आणि २.५ आला म्हणून खचूही नका. बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली, पिढ्यान्‌पिढ्यांची नामांकित काच बहुतांशी शिशाशिवायचीच असे.

“पण ती टॉर्चखाली हिरवी चमकते!”

नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली काही पिवळट-हिरव्या काचा झगझगीत हिरव्या होतात. त्यात युरेनियम असतं. बोहेमियात १८३० च्या दशकापासून अशी काच बनू लागली आणि दुसऱ्या महायुद्धात युरेनियमवर सरकारी नियंत्रण आल्यावर तिचं उत्पादन फार घटलं. म्हणून अशी काच जुनी असण्याची शक्यता बरी आहे. पण ती आजही थोडीफार बनते आणि ‘चमकते’ म्हणूनच विकली जाते. बिनरंगी काच मंद हिरवट दिसली, तर ते मँगनीजचं काम असू शकतं, त्यावरून काही ठरवू नका. घरात टांगलेल्या युरेनियमच्या काचेने अपाय होत नाही. तिला भोकं पाडून भुकटी उडवू नका आणि तिच्यातून काही पिऊ नका, एवढं सांभाळा.

“तळाशी जाड आहे. इतक्या वर्षांत काच ओघळली ना!”

नाही. काच ओघळते, हा समज शाळेच्या वर्गापासून आपल्या सोबत आहे आणि तो खोटा आहे. घरच्या तापमानाला काच शंभर काय, हजार वर्षांतही दिसण्याइतकी सरकत नाही. हंडीचा तळ जाड असतो, कारण फुंकताना तो तसाच राहतो. बुडबुड्यांचंही तेच. जुन्या भट्टीत काच पुरती निवळत नसे म्हणून बुडबुडे राहत, आणि आज गिऱ्हाईक बुडबुडे शोधतं म्हणून ते मुद्दाम सोडले जातात.

प्रयोगशाळेत पाठवून वर्ष कळेल, अशीही काहींची आशा असते. कार्बनवरून वय काढायची पद्धत लाकूड, हाड, कापूस अशा कधी काळी सजीव असलेल्या पदार्थांसाठी आहे. काचेला ती लागू होत नाही. क्ष-किरणांच्या यंत्राने काचेत शिसं किती, मँगनीज किती हे समजतं, पण तो घटकांचा हिशेब झाला. त्यातून जन्मतारीख निघत नाही.

मग बेल्जियम कुठून आलं?

बेल्जियममध्ये उत्तम काच होत होती, यात वाद नाही. लिएजजवळचा व्हाल सँ लांबेर हा कारखाना १८२६ चा. खिडक्यांच्या आणि आरशांच्या काचेसाठीही तो देश प्रसिद्ध. पण झुंबरं बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचीही येत, कलकत्त्याला तिचं दुकान होतं. फ्रान्सच्या बॅकारातची येत, बोहेमियाचा माल तर ढिगाने येई. आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट ‘बेल्जम’ म्हटलं गेलं. माझ्या मते लेखी खूण नसेल तेव्हा ‘युरोपीय असावी’ एवढंच म्हणणं प्रामाणिक.

लेखी खूण असेल, तर राजकीय नकाशा मदतीला येतो. आपल्याकडे १८८९ मध्ये व्यापारी चिन्हांचा कायदा झाला, ब्रिटनमध्ये दोन वर्षं आधी. इंग्रजी नाव घेऊन येणाऱ्या परदेशी मालावर देशाचं नाव लिहिणं त्यामुळे सुरू झालं. ‘मेड इन जर्मनी’ दिसलं, तर साधारण त्या काळापासून पुढचं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल, तर १९४९ ते १९९० च्या दरम्यानचं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ हा देश १९१८ मध्ये जन्मला आणि १९९३ च्या सुरुवातीला संपला. त्या नावाची वस्तू १८७० ची असणं शक्य नाही, मग विकणारा कितीही शपथा घेवो. हे शिक्के पितळी कड्याच्या आतल्या बाजूला, बर्नरच्या बुडाशी किंवा काचेच्या त्या काठावर असतात जो कड्यात झाकला जातो. त्यासाठी काच उतरवावी लागते.

देशी काचेला कमी लेखायचं कारण नाही. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये लोकांच्या एकेका पैशातून उभा राहिला. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगले ग्लास वर्क्स सुरू झाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी पोहोचला. कोणत्या तरी अनाम ‘बेल्जम’ हंडीपेक्षा आजीच्या हातातला, नाव नीट वाचता येणारा प्रभाकर कंदील मला जास्त मोलाचा वाटतो. बाजार मात्र असा हिशेब करत नाही.

विकायची असेल तर

वस्तू उतरवण्याआधी जागेवरच तिचे फोटो काढा. कडीपाटाची कडी, साखळ्या, कड्याचा आतला भाग, होल्डर, तळ, असे सगळे. जुन्या लग्नाच्या फोटोत मागे हंडी दिसते का, ते शोधा. तिजोरीतल्या वह्यांत एखाद्या मुंबईच्या दुकानाची पावती निघाली, तर ती काचेवरच्या शिक्क्याइतकीच मोलाची.

कायदाही लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांची झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणून जो व्यापारी ‘दीडशे वर्षांची’ म्हणून छातीठोक सांगतो, त्याला दोन गोष्टी मागा: परवाना, आणि पावतीवर लिहून दिलेलं वय. लेखी द्यायची वेळ आली, की दीडशेचं वय बहुधा बरंच खाली येतं.